चित्र पुड्यावर, परिणाम पोटावर!

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखान्यात गर्दी होती. भातकुलीकडच्या एका खेड्यातून आलेली आजी साडेचार वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन आत आली. मागे त्याची आई. पोराच्या मुठीत दहा रुपयांचा एक चकचकीत पुडा होता आणि पुड्यावर टीव्हीवरच्या कार्टूनमधला एक लोकप्रिय वीर दंड थोपटून उभा होता.

"डॉक्टरसाहेब, ह्या पोट्ट्याले एखादं चांगलं टॉनिक द्या जी," आजी म्हणाली. "भाकरीचा घास तोंडात घेत नाही. अन् माती मात्र गुपचूप खाते."

"मग दिवसभर खातो तरी काय, आजी?"

"काय खाईन! सकाळी उठला का पुडा, दुपारी पुडा, झोपतानी पुडा. नाही देला तं असा लोळते जमिनीवर, का शेजारचे जमा होतात."

मी पोराला टेबलावर घेतले. डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर आतून पांढरीफटक. नखे फिकट, पुढचे चार दात किडून काळे, पोट फुगलेले. आईने सांगितले की शौचाला तीन-तीन दिवस होत नाही आणि झाली की पोर रडते. रक्त तपासले. हिमोग्लोबिन निघाले ७.६. पाच वर्षांखालील मुलाचे ते किमान ११ असायला हवे.

पोराला बोलते करावे म्हणून मी त्याच्या हातातल्या पुड्याकडे बोट दाखवले. "हा कोण रे?" त्याने झटकन नाव सांगितले. तो कोणाशी लढतो, त्याचे मित्र कोण, हेही सांगितले. मग मी विचारले, "आणि या पुड्यात काय आहे?" पोर माझ्याकडे पाहत राहिले आणि पुन्हा त्याच वीराचे नाव घेतले! आईने खुलासा केला, "साहेब, तो दुकानात बिस्कीट मागतच नाही. त्याचंच नाव घेऊन मागते."

वाचकहो, त्या दिवशीचे ते उत्तर माझ्या मनातून गेले नाही. पोर खाऊ विकत घेत नव्हते. ते चित्र विकत घेत होते, आणि चित्राबरोबर जे येईल ते मुकाट पोटात घालत होते. आजचा लेख याच चित्रांविषयी आहे.

आमचाही एक वेताळ होता

आजच्या मुलांना नावे ठेवण्यापूर्वी आपण आपले बालपण आठवावे. माझे बालपण अकोल्यात गेले. आमच्या पिढीला इंद्रजाल कॉमिक्समधल्या वेताळाने, म्हणजे फँटमने, वेड लावले होते. ली फॉक यांनी १९३६ साली निर्माण केलेला हा वीर १९६४ पासून इंद्रजालच्या पानांतून भारतीय भाषांत आला. त्याच फँटमच्या नावाने आणि चित्राने शाळेबाहेरच्या दुकानात साखरेच्या पांढऱ्या कांड्या मिळत. टोकाला लाल रंग, म्हणजे पेटलेली सिगारेट! आम्ही त्या दोन बोटांत धरून ऐटीत 'झुरके' मारत असू. चव नुसत्या साखरेची. तरी त्या कांडीसाठी आईच्या डब्यातले पैसे हळूच काढणारी मुले माझ्या वर्गात होती. त्यांत मी नव्हतो, असे छातीठोकपणे सांगवत नाही.

तेव्हा चित्राला भुलणे हा मुलाचा धर्मच आहे. फरक पडला तो प्रमाणात. आमच्या हाती ती कांडी आठवड्यातून एकदा यायची आणि घरी येऊन ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण आणि अंबाडीची भाजी खाल्ल्याशिवाय सुटका नसे. आजच्या पुड्याने त्या भाकरीचीच जागा घेतली आहे.

चित्रालाही भाडे असते

ही चित्रे पुड्यावर येतात कशी, हे बहुतेक पालकांना ठाऊक नसते. त्यात दोन प्रकार आहेत. काही कंपन्या स्वतःसाठीच एखादे पात्र घडवतात. रंगाच्या डब्यावरचा आर. के. लक्ष्मण यांचा गट्टू १९५४ चा आणि लोण्याची अमूलची मुलगी १९६६ ची. ही पात्रे त्या-त्या मालाचीच असतात.

दुसरा प्रकार म्हणजे भाड्याने घेतलेली पात्रे. पात्र घडवणाऱ्या कंपनीकडे त्याचे हक्क असतात. बिस्किटवाला, दप्तरवाला, टूथपेस्टवाला तिच्याशी करार करतो. अमुक इतकी वर्षे, अमुक मालावर हे चित्र छापायची परवानगी; त्याबदल्यात विक्रीतला काही टक्के वाटा, ज्याला रॉयल्टी म्हणतात; शिवाय माल खपो वा न खपो, ठरावीक किमान रक्कम. चित्राचा रंग कोणता, टोपी कशी, हसू कसे, हे सारे करारात बारकाईने ठरलेले असते आणि पुड्याचा नमुना हक्कदाराला दाखवून मंजूर करून घ्यावा लागतो.

हा धंदा जुना आहे. मिकी माऊस पडद्यावर आला १९२८ साली. १९३३ मध्ये त्याच्या चित्राचे मनगटी घड्याळ अमेरिकेत निघाले आणि धडाक्यात खपले. तेव्हापासून चित्रपट व मालिका एकीकडे आणि त्यांतल्या पात्रांच्या वस्तू दुसरीकडे, अशी जोडगाडी सुरू आहे. पुष्कळदा पडद्यापेक्षा वस्तूंचीच कमाई मोठी ठरते.

आपल्याकडे नव्वदीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली आणि डकटेल्स लागले की अमरावती-अकोल्याच्या गल्ल्या ओस पडत. पुढे केबल आली आणि मुलांसाठी दिवसभर चालणाऱ्या वाहिन्या आल्या. जपानचा डोरेमॉन २००५ साली हिंदी बोलू लागला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या कंपनीचे राजीव चिलका यांनी घडवलेला छोटा भीम २००८ पासून पोगो वाहिनीवर आला आणि घराघरात पोहोचला. 'लोटपोट' मासिकातली मोटू-पतलू ही जुनी जोडी २०१२ मध्ये निक वाहिनीवर अवतरली. आपल्या मराठीतला चिंटूही १९९१ पासून वर्तमानपत्रात रोज भेटत होता आणि २०१२ साली चित्रपटात गेला. ही पात्रे घडवणारे कलावंत गुणी आहेत, त्यांच्या कामाचा मोबदला त्यांना मिळालाच पाहिजे. दप्तर, कंपास, पाण्याची बाटली यांवर चित्र असल्याने कोणाचे पोट बिघडत नाही.

प्रश्न येतो तो खाण्याच्या वस्तूंचा. पुड्यावरचा वीर बलवान आहे, यावरून आतला माल बलवर्धक आहे असा अर्थ मूल लावते. खरे सांगायचे तर पालकही लावतात. प्रत्यक्षात ते चित्र म्हणजे भाड्याने घेतलेली पाटी आहे. पौष्टिकतेचा दाखला म्हणून त्याची किंमत शून्य.

शिवाय आपल्या गावच्या बाजारात परवानगी न घेताच चित्र चिकटवलेला मालही भरपूर असतो. जत्रेतला रंगीत सरबताचा गाडा घ्या, बर्फाच्या गोळ्याची हातगाडी घ्या, सुट्या पोंग्यांची पिशवी घ्या. सगळीकडे तेच चेहरे. अशा मालावर कधी कधी बनवणाऱ्याचा पत्ताही नसतो आणि आतल्या रंगाचीही खात्री नसते. मुलाला मात्र खरे-खोटे कळत नाही. त्याला त्याचा दोस्त दिसतो, बस्स!

मूल का भुलते?

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली 'पेडियाट्रिक्स' या नियतकालिकात एक साधासा प्रयोग प्रसिद्ध केला. चार ते सहा वर्षांची ४० मुले घेतली. त्यांना तीन पदार्थ दिले : बिस्किटे, फळाच्या चवीच्या चघळायच्या गोळ्या आणि गाजरे. प्रत्येक पदार्थ दोन सारख्याच पाकिटांत. फरक इतकाच की एका पाकिटावर ओळखीच्या कार्टूनचे चित्र चिकटवले होते. मुलांना विचारले, कोणते चवीला चांगले? आतला पदार्थ अगदी एकच असूनही पुष्कळ मुलांनी चित्राच्या पाकिटातला पदार्थ अधिक चवदार असल्याचे सांगितले. आणि खायला कोणते घेशील, असे विचारल्यावर बहुतेकांनी चित्राचेच पाकीट उचलले. विशेष म्हणजे बिस्किटे व गोळ्यांच्या बाबतीत ही जादू जोरात चालली. गाजराच्या बाबतीत मात्र ती फिकी पडली.

म्हणजे पाहा, चित्राने नुसते लक्ष वेधले जात नाही. मुलाची जीभसुद्धा चित्राची साक्ष मानू लागते!

यामागे कारण आहे. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलाला जाहिरात हा 'विकण्याचा प्रयत्न' आहे हे नीट उमगत नाही. जे पात्र रोज संध्याकाळी घरात येते, हसवते, संकटातून गावाला वाचवते, ते त्याच्या लेखी मामा-काकांइतकेच आपले असते. मामा खोटे कशाला सांगेल? मोठ्या माणसाशी सौदा करताना निदान दोन्ही बाजूंना व्यवहार कळतो. इथे एका बाजूला निष्णात व्यापारी आणि दुसऱ्या बाजूला दूधदात न पडलेले पोर.

त्यात दुकानाची मांडणी पाहा. किराणा दुकानासमोर या पुड्यांच्या माळा नेमक्या कुठे लोंबतात? मोठ्यांच्या डोळ्यांसमोर नव्हे, तर कडेवरच्या किंवा बोट धरून उभ्या असलेल्या मुलाच्या हाताला लागतील अशा. वर एखादे स्टिकर, चकती किंवा खेळणे फुकट. २००० नंतरच्या काही वर्षांत पोकेमॉनच्या प्लॅस्टिकच्या चकत्या जमवण्यासाठी मुले पुड्यामागून पुडे फोडत होती, हे त्या वेळच्या आई-वडिलांना आठवत असेल. पुड्यातली अशी छोटी वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते, हा धोका आणखी वेगळा. आता मोबाईलची भर पडली आहे. पूर्वी कार्टूनची वेळ ठरलेली असे. आता घास भरवायचा म्हणून दिलेल्या मोबाईलवर तेच पात्र दिवसभर हजर!

हिशेब मांडून पाहू

चार-पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३०० ते १४०० कॅलरी उष्मांक लागतात. दहा रुपयांच्या तळलेल्या वेफर्सच्या छोट्या पुड्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी असतात. असे तीन पुडे खाल्ले की दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा भरला. पोट भरल्याची जाणीव झाली, पण त्यात प्रथिने नाममात्र, लोह नाममात्र. मीठ आणि तेल मात्र भरपूर. क्रीमच्या बिस्किटांत १०० ग्रॅममागे ३० ते ४० ग्रॅम साखर असणे नेहमीचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत. आपल्या या मुलाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे दिवसाला जेमतेम चार चमचे साखर. बिस्किटांच्या एका छोट्या पुड्यातच ती संपते. चहा, सरबत, चॉकलेट हे सारे वरकड.

जेवणाआधी असा पुडा गेला की भूक मरते. भूक मेली की मूल भाकरी दूर सारते. मूल जेवत नाही म्हणून माउली कासावीस होते आणि 'काहीतरी तरी खाऊ दे' म्हणून पुन्हा पुडाच हातात देते. हे चक्र मी रोज पाहतो. लोह कमी पडले की रक्त कमी होते. रक्त कमी झाले की भूक आणखी मंदावते आणि माती, भिंतीचा चुना, पाटीवरची पेन्सील खावीशी वाटते. पालेभाजी, फळे व पाणी कमी पडल्याने मलावरोध होतो. दातांना चिकटलेल्या गोड लगद्यावर जंतू पोसले जातात आणि दात किडतात. दात दुखला की मूल भाकरी चावतच नाही.

हा एखाद्या घरचा प्रश्न नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत हेच प्रमाण ५३.८ टक्के होते. या वाढीला पुडेच जबाबदार आहेत असे मी म्हणणार नाही. गरिबी, जंत, आईचा स्वतःचा रक्तक्षय, वरचे अन्न उशिरा सुरू करणे अशी अनेक कारणे आहेत. पण ज्या ताटात आधीच कमी आहे, त्या ताटातला घास पुड्याने हिरावून घ्यावा, हे परवडणारे नाही. आपल्या जिल्ह्यात एकीकडे मेळघाट आहे; धारणी-चिखलदऱ्याच्या कुपोषणाच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो. तिथल्या रस्त्याकडेच्या टपरीवरही याच पुड्यांच्या माळा लोंबताना दिसतात. दुसरीकडे अमरावती-अकोल्याच्या कॉलन्यांत आठ-दहा वर्षांची मुले वजनाने वाढून दम लागतो म्हणून येतात. चित्र दोन्हीकडे तेच!

पैशाचाही हिशेब करा. रोज तीन पुडे म्हणजे तीस रुपये, महिन्याला नऊशे. रोजमजुरी करणाऱ्या घरात नऊशे रुपये ही लहान रक्कम नव्हे. तेवढ्यात घरातल्या मुलाला रोज एक अंडे, मूठभर शेंगदाणे-गूळ आणि एक फळ सहज मिळते.

औषधाला खाऊचे रूप नको

आता एक सावधगिरीची सूचना. अलीकडे जीवनसत्त्वांच्या गोळ्याही कार्टूनच्या आकारात, चघळायच्या गोड स्वरूपात मिळतात. काही महिन्यांपूर्वी एक वडील धावत आले. त्यांच्या तीन वर्षांच्या मुलीने फडताळातली अशी अर्धी बाटली 'चॉकलेट' समजून संपवली होती. सुदैवाने त्यात लोह नव्हते आणि मुलीला काही झाले नाही. पण 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वे अतिप्रमाणात गेली तर शरीरात साठून अपाय करतात, आणि लोहाच्या औषधाची बाटली लहान मुलाने प्यायली तर जिवावर बेतू शकते. म्हणून औषध हे औषध म्हणूनच द्यावे, 'चॉकलेट आहे' असे सांगून कधीही देऊ नये, आणि ते उंचावर, कुलपात ठेवावे. चुकून असे काही घडलेच तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालय गाठावे.

इथे मला माझीही एक चूक कबूल केली पाहिजे. कित्येक वर्षे माझ्या टेबलाच्या खणात कार्टूनच्या वेष्टनातल्या गोळ्यांची बरणी असे. इंजेक्शन घेतलेल्या मुलाने रडे थांबवावे म्हणून मी त्याला एक गोळी देत असे. त्या दिवशी आजीला मी 'पुडा बंद करा' असे सांगत होतो आणि पोराची नजर माझ्या उघड्या खणातल्या बरणीवर खिळली होती! आजीच्याही ते लक्षात आले. ती काही बोलली नाही, पण तिच्या चेहऱ्यावरचे हसू मी ओळखले. त्याच संध्याकाळी ती बरणी गेली. आता तिच्या जागी खडू आणि कोरे कागद आहेत. मुले चित्र काढतात आणि घेऊन जातात. रडणे थांबायला तेवढे पुरते.

कायदा काय म्हणतो?

चिली या देशाने २०१६ पासून साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर मुलांना भुलवणारी कार्टून पात्रे छापायला बंदी केली आणि पुढच्या बाजूला काळे इशाऱ्याचे शिक्के सक्तीचे केले. मेक्सिकोनेही पुढे तोच मार्ग धरला. आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार असे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही तिथे करता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार चिप्स, शीतपेये यांसारख्या पदार्थांची जाहिरात मुलांच्या कार्यक्रमात वा केवळ मुलांसाठी असलेल्या वाहिनीवर करायची नाही.

नियम चांगले आहेत. शाळा समितीच्या पालकांनी एकदा शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटर पावलांनी मोजून पाहावे आणि काय दिसते ते मुख्याध्यापकांना सांगावे. गरज पडल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार देता येते. पण पन्नास मीटर संपले की पुढचे पहारेकरी आपणच.

पालकांनी काय करावे?

१) पुडा उलटा करा. समोरचे चित्र विसरा, मागचा तक्ता वाचा. घटकांच्या यादीत जो पदार्थ सर्वात जास्त, तो सर्वात आधी लिहिलेला असतो. पहिल्या तीन नावांत साखर, मैदा, तेल असेल तर ती मिठाई समजावी, जेवण नव्हे.

२) एकदम बंदी घालू नका, दिवस ठरवा. आठवड्यातून एक दिवस, एक छोटा पुडा, तोही जेवणानंतर. ठरलेला शब्द मोडू नका. रडण्यावर पुडा मिळतो हे एकदा कळले की मूल रोज रडणारच.

३) मुलाला सोबत घेऊन दुकानात जाण्यापूर्वी घरीच काही खाऊ घाला. उपाशी पोटी हट्ट दुप्पट होतो.

४) आजी-आजोबा, मामा, पाहुणे यांना सांगून ठेवा. येताना पुड्यांऐवजी संत्री, केळी, बोरे, चित्रांचे पुस्तक आणावे. वरूड-मोर्शीची संत्री दाराशी पिकत असताना आपल्या लेकराने संत्र्याच्या 'चवीची' गोळी चघळावी, याहून दैव ते कोणते! शिवाय संत्रे किंवा लिंबू जेवणासोबत घेतल्यास भाजी-भाकरीतले लोह अधिक चांगले शोषले जाते.

५) जेवणासोबत वा लगेच नंतर मुलांना चहा देऊ नका. चहा लोह शोषू देत नाही. दुधाचाही अतिरेक नको. नुसत्या दुधावर राहणाऱ्या मुलांमध्ये रक्तक्षय हमखास आढळतो.

६) फुटाणे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या, शेंगदाण्याचा लाडू, उकडलेल्या तुरीच्या शेंगा, अंडे हा आपल्या वऱ्हाडाचा खरा खाऊ. मात्र चार-पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे-फुटाणे देऊ नका, श्वासनलिकेत अडकू शकतात. कूट करून किंवा लाडू करून द्या.

७) मूल माती खात असेल, फिकट दिसत असेल, लवकर थकत असेल तर रक्त तपासून घ्या. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आशाताईंमार्फत लोहाचे औषध आणि अंगणवाडी-शाळेत जंतनाशक गोळी मोफत मिळते. ती चुकवू नका. लोहाच्या औषधाने शौचास काळी होते, त्याला घाबरू नये.

८) मुलाशी बोला. पाच-सहा वर्षांच्या मुलालाही 'हे चित्र तुला पुडा विकायला बसवलंय' असे सांगितले तर थोडे थोडे समजू लागते. सातव्या-आठव्या वर्षी तर मुले हा खेळ आनंदाने पकडतात.

आणि चित्राशी वैर कशाला धरावे? पॉपॉय हा खलाशी पडद्यावर पालक खाऊन बळ मिळवत असे. अमेरिकेत टेक्सासमधल्या क्रिस्टल सिटी या पालक पिकवणाऱ्या गावाने १९३७ मध्ये त्याचा पुतळाच उभारला. पालकातले लोह शरीरात फारसे शोषले जात नाही ही गोष्ट वेगळी, पण मुले भाजी खाऊ लागली तर वाईट काय? युनिसेफच्या मीनाने नव्वदीच्या दशकात मुलींचे शिक्षण आणि आरोग्याच्या गोष्टी घराघरात नेल्या. चित्रात शक्ती आहेच. ती कोणाच्या कामी लावायची, हा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मला त्या आजीने दिले. पोराला जंताचे औषध आणि लोहाचे औषध दिले होते, आहार समजावून सांगितला होता. तीन महिन्यांनी आजी परत आली. हिमोग्लोबिन ११.१ झाले होते. माती खाणे थांबले होते. पोर स्वतःच्या पायांनी चालत आत आले. हातात त्याच कार्टून वीराचे चित्र असलेला प्लॅस्टिकचा एक डबा होता. मी जरा चमकलोच.

आजीने डब्याचे झाकण उघडून दाखवले. आत शेंगदाणे-गुळाचे दोन लाडू होते.

"पहिले पंधरा दिवस लई रडला जी," ती म्हणाली. "मंग म्या बाजारातून हा डबा आणला. म्हटलं, तुले तोच पायजे ना? घे. पण आत काय ठेवाचं, ते मी ठरवीन."

औषध तीन महिने आणखी चालू ठेवायला सांगून मी त्यांना निरोप दिला.

वाचकहो, यापुढे दुकानात पुड्यांच्या माळेकडे लेकराचा हात गेला की आजीचे हे शेवटचे वाक्य आठवा. डब्यावर काय असावे ते पोराने ठरवावे. आत काय असावे ते घरातल्या मोठ्यांनी!